शेजारणीचा रथ आणि रीडिंगचा उतार

माझी शेजारीण गेल्या वर्षी देव झाली. मेली नाही. चांगली जिवंत आहे, कालच माझ्याकडचं वरण नेलं आणि खारट आहे म्हणून निरोप पाठवला. पण देव झाली हे खरं. इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या रस्त्यावर, दिवसाढवळ्या, बस थांबवून झाली.

ती काठमांडूच्या खोऱ्यातली, पाटणची. आपलं साताऱ्याकडचं पाटण नव्हे. चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये वाटीसारखं खोरं. पूर्वी तिथे नुसतं तळं होतं म्हणे. एका देवानं तलवारीनं डोंगर कापला, पाणी वाहून गेलं आणि मग माणसं राहायला आली. हे तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विचारलं, तळ्यातले साप कुठे गेले? ती इतकी खूश झाली की चहा पुन्हा टाकला. सापांच्या राजासाठी एक डबकं मुद्दाम मागे ठेवलंय, म्हणाली, आणि इतक्या वर्षांत हे विचारणारी तूच पहिली. तिथून आमची मैत्री.

आम्ही हिंदीत बोलतो. तिचं हिंदी मोडकं, माझं त्याहून मोडकं. मी तीन वर्षांनी मोठी म्हणून ती मला दिदी म्हणते. मी तिला बहिनी म्हणते, त्यांच्यात धाकट्या बहिणीला तसंच म्हणतात. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, ती तेवढीही नाही. दोघींना मुलांनी इथे आणलं. मुलं कामावर गेली की आम्ही तिच्या काचेच्या खोलीत, कन्झर्व्हेटरीत, ऊन खात बसतो, आणि ती तिचं खोरं उलगडत बसते.

तिथे एके काळी तीन गावं आणि तीन राजे, तिघे एकमेकांचे भाऊबंद. एकानं देऊळ बांधलं की दुसरा त्याहून उंच बांधणार, तिसऱ्याची झोप उडणार. भाऊबंदकी आमच्या खानदेशातही आहे, पण आम्ही शेताचे बांध कोरले, त्यांनी खिडक्या कोरल्या. एका राजाचा सोनेरी पुतळा खांबावर बसवलाय. त्याच्या डोक्यावर नागाची फणा आणि फणेवर पक्षी. पक्षी उडेपर्यंत राजा मेला असं मानायचं नाही. मग श्राद्ध कसं घालतात, मी विचारलं. तिनं बराच विचार केला आणि मला बिस्किट दिलं.

तिचे वडील देव ओतायचे. आधी मेणाचा देव करायचा, त्यावर माती-शेणाचा लेप द्यायचा. तापवलं की मेण वाहून जातं, त्या पोकळीत तांबं ओततात. साचा फोडल्याशिवाय देवाला नाक आलं की नाही ते कळत नाही. बिननाकाचा आला तर पुन्हा भट्टीत. ही लहानपणी मेणाच्या देवांची बोटं चघळायची आणि मार खायची. तुम्ही हिंदू की बौद्ध, मी एकदा विचारलं. ती म्हणाली, तुला दोन मुलगे आहेत, त्यातला तुझा कोणता?

भांडण मात्र मच्छिंद्रनाथावरून. तो नवनाथांतला, म्हणजे आमचा. ती म्हणते त्यांचा, कारण तो पाटणला रथातून फिरतो आणि त्याच्यामुळे पाऊस पडतो. जत्रेच्या शेवटी रथावरून एक रत्नजडित बंडी सगळ्या गावाला दाखवतात. ती बंडी एका शेतकऱ्याची की ती पळवणाऱ्या भुताची, याचा वाद कधीच मिटला नाही, कारण साक्षीदार नाही. तोवर देवानं ती ठेवून घेतलीय. दर वर्षी वर धरून विचारायचं, पुरावा असेल त्यानं पुढे या. कुणी येत नाही. मला हे फार आवडलं. असा वाद आमच्याकडे असता तर वकील आला असता.

तर त्यांच्यात असं आहे की माणूस सत्त्याहत्तर वर्षं, सात महिने आणि सात दिवसांचं झालं की घरच्यांनी त्याला रथात बसवून गावभर ओढायचं. वाटेतल्या देवांच्या पाया पडत घरी आलं की तो माणूस स्वतःच देव. मग वयानं मोठ्यांनीही त्याला नमस्कार करायचा. मी तिथल्या तिथे सांगितलं, मी करणार नाही. आयुष्यभर सासरच्यांपुढे वाकले, आता पाठ माझी आहे. ती म्हणाली, बघू.

तिच्या मुलानं हॉल बुक केला. हॉलमध्ये रथ, कार्पेटवर तीन चकरा, मग जेवण.   दोन दिवसांनी ती वाटाणे सोलता सोलता म्हणाली, "हॉलमध्ये खुर्च्या सरकवतात, दिदी. देव रस्त्यानं जातो." मी म्हटलं, पुढच्या वेळी रस्त्यानं जा. पुढचा रथ त्र्याऐंशीला असतो. तिचं हृदय अधू आहे, डॉक्टर ऑपरेशन नको म्हणालेत. तिथवर मी नाही पोचायची, असं तिनं बस चुकेल म्हणावं तसं सांगितलं आणि वाटाण्यातली अळी दाखवली.

मी उठून तिच्या मुलाकडे गेले. तो कॉम्प्युटरवर होता.

"तुझी आई एकदाच देव होणार. ती काय कार्पेटवर?"

"आंटी, रोड क्लोज करायला कौन्सिलची परमिशन लागते."

"फुटपाथवरून बाबागाडी न्यायला लागते का?"

त्यानं मान वर केली. तो इंजिनियर आहे. बाहेर जाऊन त्यानं टेपनं फुटपाथची रुंदी मोजली, आणि मला कळलं की काम झालं.

रथ फार देखणा झाला. बागेतल्या गाड्याची हवा भरलेली चाकं, त्यांवर फळ्या, वर बांबूचा मांडव, मांडवाला कुंपणावरचा हिरवा पाला. तिथल्यासारखे पुढच्या चाकांवर मोठे डोळे रंगवले. पुढे दोन लाल दोर. एका बोटानं ढकललं तरी सुळकन जाई. सगळ्यांनी वाहवा केली, मीही केली. वास्तविक मी रथाच्या गावची. आमच्याकडे रथ निघाला की धट्टेकट्टे पुरुष चाकाखाली लाकडी मोगरी सारतात, नाहीतर रथ कुणाच्या घरात शिरेल सांगता येत नाही. तेव्हा मला त्यातलं काही आठवलं नाही. तिच्या माणसांना आठवायचा प्रश्नच नव्हता. पाटणचे रस्ते सपाट, चाकं जड. तिथे रथ हलत नाही हीच तक्रार, म्हणून सगळे पुढून ओढतात. आमची गल्ली मात्र टेकडीवर आहे.

त्या दिवशी त्यांचे गुरुजी साउथहॅम्प्टनहून ट्रेननं आले. तिला लाल साडी नेसवली, कपाळभर टिळा लावला, लाह्या उधळल्या. वाटेतले देव तिनं आधीच ठरवून ठेवले होते. कोपऱ्यावरचं ओकचं झाड, मग पोस्टाची पेटी, मग केमिस्ट. पेटी मुळातच शेंदूर फासल्यासारखी, तिला कुंकू लावलेलं दिसेना, म्हणून लाह्या आत टाकायच्या का यावर चर्चा झाली. केमिस्टची मुलगी बाहेर येऊन हात जोडून उभी राहिली. बहिनीची औषधं तीच देते.

केमिस्टपासून परतीचा रस्ता उताराचा. मुलगा, नातवंडं, सुना, सगळे दोर धरून पुढे. मागे मी एकटी, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात माझी भाजीची ट्रॉली. ट्रॉलीत अंडी आणि सुके मासे, त्यांच्यात प्रसाद तोच. रथ हलला. मग दोर सैल पडले. मग ओढणारे पळू लागले, कारण रथ त्यांच्या मागे लागला होता.

मी छत्री टाकली आणि रथाची लाल झालर धरली. सात वर्षांची असताना धावले असेन तशी धावले. ट्रॉली मागे उडत होती, अंडी एकेक करून बाहेर पडत होती. गुरुजी कुठे तरी मागे मंत्र म्हणत राहिले. आणि ही बया! एका हातानं बांबू धरून दुसऱ्या हातानं दोन्ही बाजूंच्या घरांना आशीर्वाद देत होती. दात घरी विसरलेली, तोंड कानापर्यंत.

रथ फुटपाथवरून रस्त्यावर उतरला आणि खालून बस येताना दिसली. मी झालर सोडली, कशी पुढे आले माहीत नाही, आणि ट्रॉली चाकाखाली घातली. करकर असा आवाज झाला, रथ थांबला, आणि मी समोर आपटले. माझं कपाळ थेट तिच्या पायाच्या अंगठ्याला.

ड्रायव्हरनं खिडकी उघडून काय चाललंय विचारलं. नातू धापा टाकत म्हणाला, ग्रॅनी गॉड झालीय. ड्रायव्हरनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"परमनंट?" त्यानं विचारलं.

मी हसता हसता उठू शकेना. सुना रस्त्यावर बसून हसत होत्या. मुलगा आईची नाडी बघत होता आणि ती त्याचा हात झटकत होती. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "पोचला हं दिदी, नमस्कार."

"तो नमस्कार नव्हता. धडक होती."

हा वाद अजून चालू आहे. व्हिडिओ कुणाकडे नाही, चित्रीकरण करणारेच जीव घेऊन पळत होते. चाक वाकलेली ट्रॉली तिनं मला परत दिली नाही. कन्झर्व्हेटरीत खिळ्याला टांगलीय. पाहुणे आले की काढते, दोन्ही हातांनी वर धरते आणि विचारते, नमस्कार की धडक, पुरावा असेल त्यानं पुढे या. पाहुणे चहा पितात.

या हिवाळ्यात ती आठवडाभर हॉस्पिटलात होती. मी भेटायला गेले तर मुलाला काहीतरी बजावत होती. त्र्याऐंशीचा रथ रुंद हवा, दोघींना बसता येईल असा. मुलगा म्हणाला, या वेळी ब्रेक लावतो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला म्हटलं, ब्रेक लाव, पण त्याची दोरी माझ्या हातात दे.