‘माझं’ म्हणायच्या आधी

बहिणीचा फोन आला तेव्हा मी गोदामात गोण्यांची थप्पी लावून घेत होतो. “दादा, प्रमिलाबाई गेल्या रे,” म्हणाली. मी थप्पी तशीच सोडून बाहेर आलो. मी राहतो कच्छात. इथून बाईंचं नांदेड म्हणजे लांबचा पल्ला. निदान दहाव्याला तरी पोचावं म्हणून सुट्टी मागायला गेलो, तर सुपरवायझरनं विचारलं, “कौन लगती थी तुम्हारी?” आई नाही, आत्या नाही, मावशी नाही. माझ्या वकील होत्या म्हणावं, तर हा विचारणार, कशाची केस? आणि गांजाचं नाव निघालं की निर्दोष सुटलेला माणूसही लोकांच्या नजरेतून काही सुटत नाही. “ऐसे ही, पहचान की थी,” म्हणालो. सुट्टी मिळाली नाही.

मी आठवीत शाळा सोडली. आधी टेम्पोवर किन्नर, म्हणजे क्लीनर, मग ड्रायव्हर. गाव कंधार तालुक्यात. तिथून तूर भरायची, लातूरच्या दाळ मिलला उतरवायची, परतीला जे भाडं मिळेल ते घ्यायचं. त्या दिवशी एकानं बारदान, म्हणजे रिकामी पोती, नायगावला पोचवायला दिली. त्याची माणसं पोती गाडीत चढवत होती तेव्हा मी खानावळीत जेवत होतो. नांदेडच्या अलीकडं पोलिसांनी गाडी थांबवली. “माल कोणाचा?” मी म्हणालो, “माझाच हाय साहेब.” आमच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सगळे असंच बोलतात. हमाल म्हणतो माझा माल सरकवा, ड्रायव्हर म्हणतो माझा माल उतरवा, त्यातला एक दाणाही त्यांचा नसतो. पोलिसांनी बारदान उपसलं, तर खाली गांजाची पुडकी. आणि माझं ‘माझाच हाय’ तर सगळ्यांनी ऐकलेलं.

वकील लावायची आमची ऐपत नव्हती, म्हणून कोर्टानं प्रमिलाबाईंना नेमलं. पहिल्यांदा जेलमध्ये भेटायला आल्या तेव्हा मला वाटलं, या आता धीर देतील. कसला धीर! चष्मा पुसत म्हणाल्या, “वीस किलोच्या वर सापडलाय. शिक्षा झाली तर कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस. शिवाय लाखाच्या वर दंड. जामिनाची आशा धरू नकोस. एवढा माल असला की हा कायदा जामीन सहजी देत नाही.”

“पण बाई, मी काय केलंच न्हाई!”

“तेच तर सिद्ध करायचंय. पोलिसांपुढं काय बोललास ते कबुलीजबाब म्हणून चालत नाही. पण गाडी तुझ्या ताब्यात होती. आत काय आहे ते तुला ठाऊक नव्हतं, हे तुलाच दाखवावं लागेल.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि आजपासून ‘माझं’ म्हणायच्या आधी थांबायचं. खरंच आपलं आहे का ते बघायचं, मगच बोलायचं. आठवीत शाळा सोडलीस ना? ही नववी समज.”

दर भेटीत त्या परीक्षा घ्यायच्या. “गाडी कोणाची?” मी म्हणायचो, “माझी... न्हाई न्हाई, मालकाची.” “नापास!” म्हणायच्या, आणि पहाऱ्यावरचा शिपाईसुद्धा हसायचा. दोन दिवाळ्या आत गेल्या. रात्री दहा वर्षांचा हिशेब मनात यायचा, सुटीन तेव्हा आई असेल का... तेवढं बाईंना कधी बोललो नाही. पण त्यांना कळत असावं. कारण जाताना दरवेळी सांगायच्या, “आई बरी आहे. मी फोन केला होता.”

कोर्टात खानावळीच्या मावशीनं साक्ष दिली, पोती गाडीत चढवताना पोरगं माझ्याकडं जेवत होतं म्हणून. मग तपास करणारे साहेब पिंजऱ्यात आले. बाईंनी साधंच विचारलं, “साहेब, ही केस कोणाची?”

“माझी, मॅडम.”

“म्हणजे गांजा तुम्ही आणला?”

साहेब चिडले. “काय बोलताय मॅडम! तपास माझ्याकडं आहे, म्हणून माझी म्हटलं.”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “गाडी याच्याकडं होती, म्हणून हा माझा म्हणाला.”

कोर्टात हशा पिकला. मला मात्र हसू येईना. निकालाच्या दिवशी ‘निर्दोष’ ऐकून मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर मागं सरकल्या. “उठ. नववी पास झालास. आता जा, आईला जेवू घालायला सांग.”

गावात लोकांच्या नजरा बदलल्या होत्या. गाडी द्यायला कोणी धजेना. म्हणून इतक्या लांब आलो. अजून रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली की मी कडेला होतो. गेटवर कोणी “माल किसका है?” विचारलं, तर आधी मी थांबतो. मग सावकाश सांगतो, माल कंपनीचा, गाडी ट्रान्सपोर्टची, मी फक्त उतरवून घेणारा. लोकांना वाटतं, हा जरा मंद आहे. वाटू दे. त्या थांबण्यात मला बाईंचा चष्मा पुसणारा हात दिसतो...

परवा परत सुट्टी मागायला गेलो. त्यांच्या घरी जाऊन फोटोपुढं एकदा हात जोडायचे आहेत. सुपरवायझरनं तेच विचारलं, “अरे, कौन थी वो तुम्हारी?”

मी थांबलो. बाईंनी शिकवलं तसं आधी नीट बघितलं, खरंच आपलं आहे का.

“मेरी थी, साहब,” मी म्हणालो. “मेरी वकील. गांजे के केस से छुड़ाया था मुझे.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मीही मान खाली घातली नाही.

“कब जाना है?” त्यानं विचारलं.