आडव्या इस्त्रीची विजार

शब्बीरमास्तरांनी आयुष्यात एकदाच समुद्र पाहिला, आणि तोही धड पाहिला नाही. मुंबईला भाच्याच्या लग्नाला गेले होते. घरच्यांनी हौसेनं किनाऱ्यावर नेलं, तर हे समुद्राकडे पाठ करून उभे! रस्त्यानं दोन नौसैनिक चालले होते आणि मास्तर त्यांच्या पाठीवरच्या निळ्या चौकोनी कॉलरकडे टक लावून बघत होते. भाचा म्हणाला, "मामू, दर्या देखो ना!" तर म्हणाले, "दर्या कुठं पळून जातोय बे? ही माणसं चाललीत की!" हे मला त्यांनीच सांगितलं आणि वर विचारलं, "पाणी काय, आपल्या हिप्परग्याच्या तळ्यात बी आहे. खरं का नाही, बाई?"

मास्तर जाऊन आता वर्ष होईल. सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. पुढच्या खोलीत शाळांचे गणवेश, दवाखान्यातल्या वॉर्डबॉयचे सदरे, ड्रायव्हरांची खाकी. मागच्या खोलीत आरमार. चेष्टा नाही करत. जुन्या काळापासून आजपर्यंतच्या नौदलाच्या वर्द्यांच्या हुबेहूब नकला त्यांनी स्वतः शिवून तिथं टांगलेल्या होत्या, आणि काचेच्या कपाटात पदकं मांडलेली होती.

मी पहिल्यांदा त्या दुकानात गेले ती भांडायला. आमच्या शाळेतल्या मुलींच्या गणवेशाची बटणं महिन्याभरात गळाली होती आणि तोंड माझं मोठं म्हणून मुख्याध्यापिकांनी मलाच पुढं घातलं होतं. मी दहा मिनिटं बोलले. मास्तरांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, "माझी चूक आहे, सगळी परत लावून देतो," म्हणाले, आणि मी दम खायला थांबले तेवढ्यात विचारलं, "बाई, तुम्ही इंग्रजी शिकवता काय?" मी हो म्हणताच रद्दीतून मिळालेलं, पानं सुटलेलं एक पुस्तक माझ्यापुढं आलं. नौदलाच्या पोशाखाचे नियम होते ते. बाहीवरचा बिल्ला कोपरापासून किती वर शिवायचा, एवढं एक वाक्य त्यांना हवं होतं. मी वाचून अर्थ सांगितला. त्यांनी मागच्या खोलीतून एक सदरा आणला, माझ्यादेखत बिल्ला उसवला आणि अर्धा इंच वर घेतला.

"कोणाचा सदरा हा?" मी विचारलं.

"कोणाचा नाही."

"मग कोणाला कळणार होतं?"

"मेरेकू कळलं ना आता!"

बटणांचं भांडण मी तिथंच सोडलं. माझ्या ओळखीच्या लोकांना हे सांगूनही पटायचं नाही. पुढची नऊ वर्षं माझे शनिवार त्या मागच्या खोलीत गेले.

हे वेड लागलं कसं, तेही ऐका. तरुणपणी त्यांच्याकडे एक निवृत्त नौसैनिक आपल्या जुन्या वर्दीची कॉलर शिवून घ्यायला आला. कॉलरच्या कडेला पांढऱ्या रेघा असतात. मास्तरांनी झोकात दोन लावल्या. तो माणूस रागावला नाही. बोटानं रेघा मोजल्या, कॉलर तिथंच ठेवली आणि निघून गेला. नंतर कळलं, रेघा तीन असतात. "एक रेघ खाल्ली मी, बाई," मास्तर चाळीस वर्षांनंतरही असं सांगायचे, की कोणाच्या ताटातला घास उचलला असावा. ती दोन रेघांची कॉलर त्यांनी मशीनच्या वर खिळ्याला अडकवून ठेवली होती.

तेव्हापासून "साधारण" हा शब्द दुकानात बंद. कोणी म्हणालं, जवळजवळ बरोबर आहे की, तर मास्तर म्हणायचे, "जवळजवळ बरोबर म्हणजे चूकच की, फक्त लाजत आलेली." पदकांच्या रंगीत फिती त्यांनी पूर्व भागातल्या एका तेलुगू विणकराकडून मुद्दाम विणून घेतल्या. एका फितीतली पांढरी पट्टी दोरा-दोन दोरे जास्त झाली म्हणून तीनदा परत केली. शेवटी तो विणकर हात जोडून म्हणाला, "मास्तर, ह्यापरीस जरीचं पातळ सोपं हो!" पितळेची पदकं ओतून घेतली, पण प्रत्येकाच्या पाठीवर बारीक अक्षरांत 'नक्कल' असा ठसा. ती पदकं त्यांनी स्वतःच्या छातीवर कधी लावली नाहीत, गंमत म्हणूनसुद्धा नाही. मी एकदा म्हटलं, "एक तरी लावा हो, फोटो काढते." तर चक्क कानाला हात लावला.

आणि मग नातेपुत्याहून हौसाबाई आल्या.

पुतण्यानं गाडीतून आणलं होतं. बाई सत्तरीच्या पुष्कळ पुढच्या, नऊवारी, ताठ. नवरा नौदलात होता. लग्नाला चार वर्षं झाली आणि जहाजावरून तो समुद्रात पडला, सापडला नाही. घरी तार आली, बाकी काही आलं नाही. भावकीनं गवताचा माणूस करून त्याला अग्नी दिला.

"म्या न्हाई रडले," हौसाबाई म्हणाल्या. "गवताला कोन रडतंय? लोकं म्हनली, काळजाची दगड हाय. पन्नास वर्सं झाली, आजून रडू आलं न्हाई बगा. भाऊ, मला त्यांची कापडं करून द्या. येवडंच मागनं हाय."

पुतण्याचं मागणं निराळं होतं. गावात चुलतीचा सत्कार होता, व्यासपीठावर वर्दी ठेवायची होती. बरोबर आणलेल्या चुलत्याच्या फोटोत छातीवर एकच पदक दिसत होतं, ते त्याला फार भुंडं वाटत होतं. "चार-पाच लावा की मास्तर, भरगच्च दिसूद्या."

"मेडल म्हणजे काय साडीची बुट्टी आहे बे, आवडली की वाढवली?" मास्तर म्हणाले. "त्यानं एक कमावलंय. चार खोटी लावली तर लोक त्या एकाला बी खोटं म्हणतील." पुतण्या फोन आल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

अडचण मापाची होती. फोटो छातीपर्यंतचाच, तळहाताएवढा. मास्तर घुटमळले. मग म्हणाले, "आक्का, माप तुम्हीच सांगायचं. बाई टेप धरतील. मी बघत नाही." आणि खरंच, पेन्सिल-वही घेऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

हौसाबाई लाजल्या. त्या वयात, त्या लाजल्या! मग त्यांनी हवेत दोन्ही हात गोल केले आणि त्या गोलात मी टेप फिरवला. "पस्तीस," मी म्हटलं. भिंतीकडून पेन्सिलीचा आवाज आला. बाहीचं माप? "त्यांचा हात माज्या मानंवरनं हितपतूर यायचा," त्यांनी स्वतःच्या दंडावर बोट ठेवलं. उंची? त्यांनी डोळे मिटले, हात वर वर नेला, आणखी थोडा वर नेला. "हितं." मी टेप सोडला. नसलेल्या माणसाचं माप त्याच्या बायकोच्या हातांतून घेताना मला टेपवरचा आकडा दोनदा वाचावा लागला, आणि मी एरवी अशी लवकर विरघळणारी बाई नाही.

दोन महिने मास्तर त्यात बुडाले होते. पांढरं जाड ड्रिलचं कापड, निळी कॉलर, काळा रेशमी रुमाल, बाहीवरचा बिल्ला, ते एकच पदक. राहता राहिली विजार. खाली पसरत जाणाऱ्या त्या विजारीला आपल्यासारखी उभी क्रीज नसते. उलटी करून, आडव्या घड्या घालून दाबतात. उंच माणसाला सात, बुटक्याला पाच. हौसाबाईंनी दाखवलेल्या उंचीला सात येत होत्या. मास्तरांनी आदल्या दिवशी बसून सहा-सहा बोटांच्या सात घड्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी दहाला हौसाबाई यायच्या होत्या. मी नऊला पोचले तर दुकानात आकांत. शेजारचा इस्त्रीवाला दत्तू सकाळी नेहमीचे गणवेश न्यायला आला होता. मास्तर नमाजाला गेलेले. दत्तूनं ती विजार पाहिली आणि चांगल्या मनानं तिच्या सगळ्या आडव्या घड्या मोडून झकास उभी क्रीज मारून ठेवली!

"काय करून ठेवलास बे, दत्तू!"

"चुरगाळली होती की सगळी! मी नीट केली, वर शिव्या खाऊ?"

मास्तर मटकन स्टुलावर बसले. ते पुन्हा इस्त्री लावणार तेवढ्यात दारात गाडी थांबली.

हौसाबाईंनी सदरा पाहिला, कॉलरीवरून हात फिरवला. पदकाला बोट लावलं. डोळे कोरडेच. मग विजार उचलली आणि भुवया चढल्या. "ही त्यांची न्हाई. त्यांच्या विजारीला आडव्या घड्या आसायच्या. रजा सपली की म्याच करायची इस्त्री, तांब्यात इंगळ घालून."

मास्तर ताडकन उठले. आजवर त्यांनी पुस्तकं धुंडाळली होती, विणकराला छळलं होतं, पण ह्या घड्या स्वतःच्या हातानं घातलेलं माणूस त्यांना कधी भेटलं नव्हतं. त्यांनी टेबल मोकळं केलं आणि विजेची इस्त्री गरम करून पुढं ठेवली. हौसाबाईंनी ती उलटसुलट पाहिली. "हिच्यात इंगळ कुटं घालायचं?" आम्ही सगळेच हसलो, त्याही हसल्या.

मग त्यांनी विजार उलटी केली. दोन्ही हातांची आठ बोटं शेजारी शेजारी ठेवून माप धरलं, घडी घातली, पाणी शिंपडलं, दाबली. परत आठ बोटं, परत घडी. हात कुठं अडला नाही. मास्तर शाळेतल्या मुलासारखे हाताची घडी घालून बघत होते.

"पाच," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. खाली चार बोटं कापड उरलं होतं.

"सात लागतात, आक्का," मास्तर हळूच म्हणाले. "उंच माणसाला सात."

"पाचच." त्यांनी बोटं परत लावून पाहिली. परत चार बोटं उरली. "लांब झाली की हो ही."

 मला उमगलं, मास्तरांनाही उमगलं असणार. आणि अर्ध्या इंचासाठी बिल्ला उसवणारा तो माणूस माझ्यासमोर धडधडीत खोटं बोलला: "कापताना माझा हात चुकला, आक्का."

"न्हाई भाऊ. तुमी न्हाई चुकला." हौसाबाई त्या उरलेल्या कापडाकडे बघत होत्या. "म्याच उंच सांगिटले. माज्या मनात वाढत गेले जनू. हातांना ठावं हुतं, मला न्हाई." त्यांनी त्या चार बोटं कापडावर हात ठेवला, आणि तिथंच, टेबलाशी उभ्या उभ्या, त्यांना रडू फुटलं. पन्नास वर्षांचं रडू. मी त्यांना धरलं. दत्तू बाहेर पळाला. पुतण्या दारात चप्पल काढून उभा राहिला. मी खूप मोठमोठी माणसं पाहिली, व्यासपीठावरची. पण त्या शिवणाच्या टेबलापुढं जेवढी मी लहान झाले तेवढी कुठं झाले नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मास्तर म्हणाले, "राहू दे का अशीच? आत दुमडून टाका घालतो. कोणाला दिसणार नाही."

"नको. कापा," हौसाबाई म्हणाल्या. "हुते तेवडेच ऱ्हाऊ द्यात."

मास्तरांनी कात्री घेतली, आणि कापायला सोपं जावं म्हणून हौसाबाईंनीच ती विजार दोन्ही हातांनी ताणून धरली.