तळ्ळीच्या रस्त्यावरच्या चिंचा

मी अण्णांशी एकदाच खोटं बोलले. दोन मिनिटांत पकडले गेले.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

अण्णा मूळचे निपाणीचे. बंगळूरजवळ बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात लेथवर तीस वर्षं काढली. सुट्टी मिळाली की सायकल काढून आनेकलच्या पुढच्या टेकड्यांत जायचे. रिटायर व्हायच्या आधीच काचबिंदूने दोन्ही डोळे गेले.

मी पुण्याहून आलेली, सर्जापूर रोडवर राहणारी आयटीवाली. आमच्या सायकल ग्रुपवर एक दिवस अक्कांचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, मेसेज आला.

"आमच्याकडं दोन सीटची सायकल आहे. पुढं बसायला कुणी येईल काय? मागं आमचे हे बसतील. दिसत नाही, पण पेडल चांगलं मारतात."

मी जे. पी. नगरला त्यांच्या घरी गेले. एखादा रविवार जाऊ, असं ठरवून.

तीन वर्षं जात राहिले.

पहिल्याच दिवशी मोठा चढ संपला आणि मी ओरडले, "अण्णा, काय मस्त व्ह्यू आहे!"

"मस्त म्हंजे काय गं? नीट सांग की."

"म्हणजे... हिरवं आहे सगळं."

"नाचणी हिरवी, तुती हिरवी, नीलगिरी पण हिरवी. तुला कुठलं दिसतंय?"

मला नाचणीचं शेत ओळखता येत नव्हतं. लाज वाटली. मग शिकले. रेशमाच्या किड्यांसाठी लावलेली तुती, तळ्याच्या काठाला बसलेले बगळे, कुणाच्या दारातली ताजी रांगोळी, सगळं बघून सांगायला लागले.

आनेकलच्या पुढे तळ्ळीकडे जाताना एका गावाआधी उतार संपतो. तिथे दोन्ही बाजूंना चिंचेची जुनी झाडं होती. तरुणपणी अण्णा त्यांच्याखाली डबा खायचे.

उतार संपला की म्हणायचे, "स्वल्प हळू घे." आणि बाह्या वर करायचे. अंगाला सावली लागावी म्हणून.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, आम्ही तिथे पोचलो आणि झाडं नव्हती. रस्ता रुंद करायला तोडलेली. नुसते बुंधे.

अण्णांनी बाह्या वर केल्या.

"झाडं कशी आहेत गं?"

"छान आहेत अण्णा. पालवी फुटलीय."

थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "थांबव."

उतरले. तळहात वर करून उभे राहिले.

"ऊन लागतंय मला. सावली कुठं गेली?"

मला रडूच आलं. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटू दे की! माझी झाडं होती ती. त्यांचं वाईट मला नको वाटायला?"

परतीच्या वाटेवर त्यांनी बाह्या खाली ओढल्या. पेडल मात्र मारत होते.

पुढचे दोन रविवार फोन नाही. मीही केला नाही. हिंमतच होईना.

तिसऱ्या रविवारी तशीच जाऊन दारात उभी राहिले. अक्का म्हणाल्या, "आलीस बाई! पहाटेपासनं बूट घालून बसलेत. फोन करा म्हटलं तर ऐकत नाहीत."

आतून आवाज आला, "चल. तिथंच जायचंय."

त्या दिवशी मी त्यांचा हात धरून त्यांना एकेका बुंध्यापाशी नेलं. प्रत्येकावर त्यांनी सावकाश हात फिरवला. मग एका बुंध्यावर बसून डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्या हातात दिली.

माफी मागायची होती. मागितली नाही. भाकरी खाल्ली.

गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. रविवारी मी एकटीच जायचे आणि टेकडीवरून फोन लावायचे.

शेवटच्या रविवारी मी सांगत होते, "अण्णा, तुतीचा पाला कापून झालाय. एक आजी शेळ्या घेऊन चाललीय, तिच्या छत्रीची एक काडी मोडलीय..."

पलीकडून काहीच नाही.

"अण्णा?"

अक्का हळूच बोलल्या. "झोप लागली गं त्यांना. तू थांबू नको. मी ऐकतेय."

मी शेळ्या दिसेनाशा होईपर्यंत सांगत राहिले.

अण्णा, तुम्हाला मनापासून नमस्कार.