चार पायांच्या लेकींचं माहेर

अख्ख्या कारंजा गावात आमच्या घरमालकांइतकं मोठं माहेर दुसऱ्या कोणाचंच नव्हतं, आणि हे मी जन्मभर लग्न न केलेल्या माणसाबद्दल सांगतो आहे. मोठमोठ्या पेढीवाल्यांच्या घरी दिवाळीला फार तर चार-पाच लेकी यायच्या. आमच्या घरमालकांकडे बारा महिने लेकी असत. एकीची पाठवणी होते न होते तोच दुसरी टांग्यातून उतरे, आणि त्या सगळ्यांना शेपट्या असत. सत्तर सालानंतर दोन-तीन वर्षांनी मी वाशीमहून शाळामास्तर म्हणून कारंज्याला गेलो आणि त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं. पहिल्याच सकाळी ओसरीवर पोटाला पांढरं फडकं बांधलेली एक कुत्री तुपातला शिरा खाताना दिसली. मी विचारलं, "ही आपली का?" घरमालक म्हणाले, "आपली कायची? कुंभाराच्या घरची हाये. आपल्याकडे माहेराले आली." खोली बदलावी की काय, असं मला क्षणभर वाटलं.

माणूस जैन, आणि नुसता देवळापुरता नव्हे. पाणी तीनदा गाळायचे, मुंग्यांना साखर घालायचे, आणि दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंबही तोंडात घेत नसत. धंदा कापडाचा होता, पण 'काप' हा शब्द त्यांच्या दुकानात उच्चारायची बंदी होती. गिऱ्हाईक म्हणे, "दोन वार कापा," की हे कानावर हात ठेवून नोकराला सांगत, "दोन वार वेगळं कर रे." घरात त्यांची विधवा थोरली बहीण होती. तिला सगळे आक्का म्हणत. ती तर भाजीसुद्धा 'चिरत' नसे, 'नीट करत' असे. मी एकदा बोलण्याच्या ओघात "काल परीक्षेत पोरांचे मार्क कापले" म्हणालो, तर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा आठवडाभर मी सगळ्या वर्गाला सढळ हाताने मार्क दिले. अशा या माणसाने गरिबांच्या कुत्र्यांची पोटं फाडून घेण्याचं काम स्वतः होऊन अंगावर घेतलं होतं.

त्याचं असं झालं म्हणतात, की एका हिवाळ्यात एक कुत्री त्यांच्या दुकानात, धोतरांच्या गठ्ठ्यामागे व्याली. सात पिल्लं झाली. घरमालकांनी तो गठ्ठा विकायचाच बंद केला. पण पिल्लं रांगायला लागली आणि नेमका कापसाचा हंगाम सुरू झाला. रस्त्यावर बैलगाड्यांची आणि ट्रकांची रांग लागलेली. पंधरा दिवसांत सातातली पाच गेली, आणि पाचही यांच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतलं, की पिल्लंच होऊ नयेत म्हणून कुत्रीच्या पोटावर दिलेली एक चीर बरी, की दर वर्षीची ही मरणं? गावात मुनिमहाराज आले होते, त्यांच्यापुढे जाऊन त्यांनी हा प्रश्न मांडला. महाराजांचं त्या दिवशी मौन होतं. ते काहीच बोलले नाहीत. घरमालकांनी ती संमती धरली आणि महाराजांचं मौन सुटायच्या आत तिथून निघून आले.

जनावरांच्या दवाखान्यात तेव्हा एक आडदांड तरुण डॉक्टर नवीनच आला होता. तो म्हणाला, "मी बैलायचा मानूस हाओ, शेठ. कुत्रीचं ऑपरेशन म्हंजे बारीक काम हाये." घरमालकांनी वाद घातला नाही. ते रोज दुकान उघडायच्या आधी दवाखान्याच्या बाकावर येऊन नुसते बसायला लागले. पंधराव्या दिवशी डॉक्टर शरण आला. क्लोरोफॉर्म आणि शिवायचा दोरा तुम्ही आणायचा, आणि ऑपरेशननंतर आठ दिवस कुत्रीला कोरड्या, स्वच्छ जागी ठेवायची, ह्या त्याच्या अटी. झोपडीत कोरडी जागा कुठली? म्हणून मग घरमालकांची ओसरी आली. आणि फुकटचं नको म्हणणारी मानी माणसं गरिबांतच जास्त, म्हणून आलं माहेर. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं आणि त्याचा खर्च माहेरानेच करायचा, ही रीत सगळ्यांना ठाऊक. घरमालक दारोदार जाऊन सांगत, "हे बाळंतपनच समजा. आमच्याकडे पाठवा. माहेरचं घ्याले लाज कायची?" लोक आधी पोट धरून हसले. त्या दिवसांत माणसांच्याच नसबंदीच्या ऑपरेशनचा एवढा बोलबाला होता की कुत्र्यांचं कोणाच्या मनातही येत नव्हतं. एक हमाल म्हणाला, "शेठ, आज कुत्रीले ऑपरेशन, उद्या बैलाले चश्मा लावान!" पण महिनाभरात त्याच हमालाची कुत्री ओसरीवर शिरा खात होती.

खुद्द घरमालकांना रक्त पाहवत नसे. ऑपरेशन चालू असताना ते दवाखान्याच्या दाराकडे पाठ करून णमोकार मंत्र म्हणत उभे राहत. आत हत्यारांची वाटी वाजली की मटकन खाली बसत. शिवाय दर कुत्रीमागे एक दिवस कडक उपवास, प्रायश्चित्त म्हणून. एका आठवड्यात चार कुत्र्या झाल्या तेव्हा डॉक्टर ओरडला, "शेठ, आता पयले तुमालेच सलाईन लावतो!" ओसरीवरच्या लेकींनाही घरचाच नियम होता. कांदा नाही, लसूण नाही, आणि दिवस बुडाल्यावर काही नाही. त्यामुळे संध्याकाळी पाचला सगळ्या कुत्र्या आपापल्या थाळ्यांपुढे शिस्तीत बसलेल्या दिसत. कुंभार तर एकदा तक्रारच घेऊन आला. त्याची कुत्री सासरी परत गेल्यापासून रात्रीची भाकर हुंगून सोडून देत होती. घरमालकांचा चेहरा आनंदाने असा फुलला की कुंभार पुढे बोललाच नाही.

या सगळ्यात फक्त एकीने त्यांना हरवलं, ती जिजाबाई. जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जाणारी, चाळिशीची, एकटी बाई. तिच्या झोपडीच्या दाराला कडी नव्हती. तिची चंद्री नावाची कुत्री उंबऱ्यावर आडवी पडायची, तीच कडी. चंद्री मागच्या वेताला अडली होती. दोन दिवस तडफडली. डॉक्टरने कसंबसं सोडवलं आणि सांगितलं, आणखी एक वेत झालं तर ही हाती लागणार नाही. आता ती पुन्हा माजावर यायची वेळ आली होती. घरमालक मला घेऊन जिजाबाईकडे गेले आणि आपलं नेहमीचं माहेरपुराण सुरू केलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले पोर होत नाई म्हनून नवऱ्यानं हाकललं. पंधरा वर्सं झाले, गाव मले वांझोटी म्हनते. अन् आता मी माह्या हातानं हिले वांझ करू? तुमी मले हे सांगून राह्यले, शेठ?"

घरमालक उठले. ते तसेच परत आले आणि कोणत्याही कुत्रीचं काही झालेलं नसताना दोन दिवस जेवले नाहीत. आक्का मला म्हणाली, "मास्तर, हा मानूस कुत्र्यायपायी जाईन एक दिवस." तिसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. मी होतोच. त्यांनी या वेळी पुराण लावलं नाही. म्हणाले, "जिजाबाई, वांझ हे नाव सासरचं हाये. माहेरी कोनी लेकीले वांझ म्हनते काय? माहेरी ते लेकच राह्यते. चंद्रीले माह्या घरी पाठव. अन् तू बी चाल. तिले एकटीले करमनार नाई." जिजाबाई बराच वेळ चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "मले कोनतं माहेर? मायबाप कवाचेच गेले," ती म्हणाली. "मंग तर चालच," घरमालक म्हणाले. तेव्हा तिने पदर सारखा केला आणि मान वर करून म्हटलं, "मुऱ्हाळी पाठवा. बिनमुऱ्हाळ्याची येनार नाई."

सासरहून लेकीला आणायला माहेरचा जो माणूस जातो, तो मुऱ्हाळी. आता घरमालक जाणार दवाखान्यात, आक्का जाणार देवळात. उरलो मी. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळी, टोपी घालून, टांग्यात बसून मी एका कुत्रीला माहेरी आणायला निघालो. टांगेवाला वाटभर विचारत होता, "पाहुनी कोन हाये, मास्तर?" परत येताना मागच्या बाजूला जिजाबाई होती, चंद्री माझ्या मांडीवर डोकं टेकून बसली होती आणि रस्त्याच्या कडेला माझा सगळा सातवीचा वर्ग उभा होता. त्या दिवसानंतर त्या वर्गात मला कोणी घाबरल्याचं आठवत नाही.

ऑपरेशनला दुप्पट वेळ लागला. मागच्या वेताने आत सगळी गुंतागुंत झाली होती. आतून वाट्या वाजत होत्या, डॉक्टर कंपाउंडरवर खेकसत होता, आणि घरमालक त्या दिवशी एकदाही खाली बसले नाहीत. शेजारी जिजाबाई गुडघ्यात डोकं घालून बसली होती म्हणून असेल. णमोकार म्हणता म्हणता त्यांचा आवाज बसला तरी ते ओठ हलवत उभे. शेवटी डॉक्टर घाम पुसत दारात आला आणि म्हणाला, "हाये जित्ती." ते ऐकलं आणि घरमालक आडवे झाले ते सरळ पायरीवर. जिजाबाई धावली. पदराने वारा घालत ती त्यांना हाका मारत होती, "ओ भाऊ! उठा ना भाऊ! चंद्री बरी हाये ना, तुमाले काय झालं?" डॉक्टर म्हणाला, माझ्या दवाखान्यात कुत्री शुद्धीवर यायच्या आत शेठला भूल चढल्याचं पाहिलं नव्हतं, आज तेही पाहिलं.

ते आठ दिवस जिजाबाई जिनातून सुटली की ओसरीवर येऊन चंद्रीजवळ बसे. तोवर दिवस बुडालेला असे आणि त्यानंतर आक्का कोणाला वाढत नसे. पण एक ताट झाकून ठेवलेलं असायचं. आक्का भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "मी काई वाढून नाई राह्यली. तिचं तिनं घेतलं तर मी काय करू?" आठव्या दिवशी पाठवणी झाली. चंद्रीला नवं दावं आणि जिजाबाईला दुकानातलं हिरवं लुगडं. टांगा दारात उभा असताना आक्का आतून सूप घेऊन आली आणि काही न बोलता तिने जिजाबाईची ओटी भरली. विधवेने ओटी भरायची नाही आणि वांझेची ओटी भरायची नाही, असे दोन नियम आक्काने एकाच ओंजळीत मोडले. मी गणिताचा मास्तर, दोन उण्यांचा गुणाकार अधिक होतो हे पोरांना वर्षानुवर्षं घोकून घेत होतो. ते खरं असल्याचं मला त्या दिवशी कळलं. जिजाबाई रडली. घरमालक टांगेवाल्यावर उगीचच ओरडायला लागले, घोडा नीट का हाकत नाही म्हणून. घोडा अजून जागचा हललाही नव्हता.

मग तो रिवाजच पडला. दर दिवाळीला धनत्रयोदशीला मी टांगा घेऊन जायचो, आणि जिजाबाई चंद्रीला घेऊन भाऊबीजेपर्यंत राहायला यायची. भाऊबीजेला ओवाळताना ती घरमालकांना म्हणायची, "भाऊ, अंग भरू द्या जरा, उपास कमी करा," आणि ते म्हणायचे, "कुत्र्या कमी होऊ दे मंग." पुढे चंद्री म्हातारी होऊन गेली. पिल्लांपायी नाही, वयाने गेली. त्यानंतरही जिजाबाईचं येणं चालूच राहिलं.

दशक सरत आलं तेव्हा एका पर्युषणात घरमालक उपवासातच आजारी पडले आणि गेले. डॉक्टरची बदली झाली होतीच. ओसरी रिकामी झाली आणि गावात कुत्र्यांना माहेर उरलं नाही. त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती, पणतीही लावली नाही. भाऊबीजेच्या दुपारी आक्का एकाएकी म्हणाली, "मास्तर, जिजा आली नाई." मला सुचलंच नव्हतं. मी तसाच निघालो, टोपी नाही, टांगा नाही. जिजाबाई झोपडीच्या उंबऱ्यावर बसली होती. धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले, शेजारी बांधलेलं गाठोडं. धनत्रयोदशीपासून ती रोज अशीच तयार होऊन बसत होती, असं शेजारणीने सांगितलं. मी शरमेने म्हणालो, "अहो, घर काय लांब होतं? निघून यायचं." ती म्हणाली, "मी वाट पाहून राह्यली होती, मास्तर. कोनी आलं नाई. मले वाटलं, भाऊ गेला तसं माहेर बी गेलं."

मी तिचं गाठोडं उचललं आणि पुढे चालायला लागलो, माझे डोळे तिला दिसू नयेत म्हणून. थोड्या वेळाने मागून तिच्या पावलांचा आवाज यायला लागला.