गंधकबाईंचा फोन

प्रयोगशाळेतली पोरं पाठीमागे त्यांना गंधकबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि रागही नव्हता. डिझेलमधला गंधक काढता काढता जिचे केस पिकले, तिला दुसरं म्हणणार तरी काय?

डिझेलमधली गंधकाची संयुगं जळली की धूर छातीत बसतो. मोठे कारखाने प्रचंड उष्णता आणि दाब देऊन त्यांना हुसकावतात, तरी काही चिवट मंडळी बूड हलवत नाहीत. बाईंच्या टेबलावर त्यांच्यासाठी आयनिक द्रव होता. म्हणजे एक प्रकारचं मीठच, पण साध्या खोलीतही तेलासारखं वाहणारं. डिझेल आणि तो द्रव एकत्र ढवळायचे. दोघं एकमेकांत मिसळत नाहीत, पण गंधकाची संयुगं डिझेल सोडून मुकाट द्रवात जाऊन बसतात. ढवळणं थांबवलं की डिझेल वर, द्रव खाली. या गुणी द्रवाला खोड एकच, हवेतलं पाणी पितो. पाणी प्यायला की गंधकाला जागा देत नाही.

बाई द्रव तापवून कोरडा करायच्या, भांडी पुसून पुसून झिजवायच्या, तरी आठवड्यातून एकदा गाडी घसरायचीच, एखाद्या नमुन्यात गंधक तसाच राहायचा. साहेब वैतागायचे. द्रवच लहरी आहे म्हणून बाईंनी शेवटी हात टेकले.

घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं. आईचं करता करता लग्न राहून गेलं, मग आईही गेली. दोन खोल्यांत आता त्या आणि त्यांचा एकटेपणा. उरली थोरली बहीण, ती दूरच्या गावी. तिच्या घरी संध्याकाळी माणसांचा राबता, म्हणून ताई तिच्या कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत फोन करायची. मग जावेच्या कागाळ्या, गुडघ्यांचं गाऱ्हाणं, आईच्या आठवणी. बाईंना "छोटे" म्हणणारं एवढंच एक माणूस जगात शिल्लक होतं.

पुढे ताई निवृत्त झाली, मुलाकडे राहायला गेली, नातवात गुंतली. फोन विरळ होत होत बंदच पडले. बाई मानी. तिला सवड झाली की करेल, म्हणून आपण होऊन कधी केला नाही. फोन मात्र दिवसभर एप्रनच्या खिशात, आवाज पूर्ण वाढवून.

एके दुपारी साहेब खुशीत टेबलाशी आले. "बाई, हल्ली एकही नमुना बिघडत नाही. केलंत काय?"

"काहीच नाही, साहेब. सगळं तेच."

"असं कसं? पद्धत लिहून द्यायचीय मला. नेहमी करता तसं करून दाखवा."

बाईंनी भांड्याचं बूच काढून बाजूला ठेवलं, ढवळणी सुरू केली, आणि त्यांचा हात आपसूक खिशातल्या फोनकडे गेला. तिथेच त्या थबकल्या. ताईचा फोन आला की भांडं असंच उघडं टाकून त्या खिडकीशी जायच्या. गप्पांना ऊत यायचा आणि इकडे द्रव हवेतलं पाणी पीत राहायचा. बिचाऱ्या द्रवाला त्यांनी उगाच लहरी ठरवलं होतं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"बूच लगेच लावायचं, असं लिहा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ते लावलं.

"एवढंच होतं होय? कमाल आहे. अभिनंदन, बाई."

साहेब गेले. अभिनंदन कशाचं झालं, ते बाईंचं बाईंनाच कळत होतं. त्यांनी मानीपणा गुंडाळून ठेवला. नवा नमुना घेतला, बूच काढलं, ढवळणी लावली आणि भांडं मुद्दाम उघडं टाकून त्या खिडकीशी गेल्या. बिघडला तर बिघडू दे. त्यांनी ताईला फोन लावला.

फोन ताईच्या सुनेने उचलला. "मावशी, आई बाळाला झोपवतायत. काही काम होतं का?"

"नाही गं, सहजच."

"बरं, सांगते हं त्यांना."

बाई मिनिटभरातच टेबलाशी परत आल्या आणि त्यांनी बूच लावलं. निघायच्या वेळेपर्यंत फोन वाजला नाही, तेव्हा त्यांनी त्या नमुन्याचा निकाल पाहिला. तोही उत्तम आला होता.