महागाचा कॉम्प्युटर आणि दारातल्या चपला

कॉम्प्युटर घेतला तेव्हा मला सगळ्यांनी एकच विचारलं, "केवढ्याला पडला?" आणि आकडा ऐकल्यावर सगळ्यांनी मान सारखीच हलवली. तेवढ्या पैशांत आमच्या बिल्डिंगीत तीन घरांत कॉम्प्युटर आले असते. समोरच्या वहिनींचे यजमान तर तोंडावर म्हणाले, "ताई, एवढ्यात इथल्याच खारी गावात एका खोलीचं डिपॉझिट झालं असतं." मला राग आला नाही. उलट बरं वाटलं, निदान कोणी बोललं तरी.

मी एकटी. लग्न केलं नाही. का केलं नाही ती कहाणी वेगळी, आणि फारशी रंगतदारही नाही. फोर्टातल्या एका कंपनीत मी टेलिफोन ऑपरेटर होते. दिवसभर कानात माणसं असायची. मग आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं आणि आम्हाला पैसे देऊन घरी बसवलं. त्याच सुमारास आई गेली, परळची चाळीतली खोली भावाने आणि मी विकली, आणि मी भाईंदर पूर्वेला वन रूम किचनमध्ये राहायला आले. घर चांगलं होतं. उजेड होता, वारा होता, स्वतःचा संडास होता. फक्त दार होतं. चाळीत दार रात्री झोपताना लावायचं. इथे माणूस आत आला की आधी दार लावतो.

दुपारी इतकं शांत असायचं की समोरच्या घरी कुकरची शिट्टी झाली की मी माझा गॅस बंद करायला उठायचे. उठल्यावर आठवायचं की आपण कुकर लावलेलाच नाही.

या शांततेवर उपाय म्हणून मी कॉम्प्युटर घेतला, हे कोणाला सांगितलं असतं तर हसले असते. पण माझ्या डोक्यात चाळ होती. आमच्या मजल्यावर पहिला टीव्ही आमच्याकडे आला होता. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की बाहेर गॅलरीत चपलांचा ढीग व्हायचा. मुलं पुढे, बायका मागे, पुरुष दारात उभे. वडील ओरडायचे, "घर आहे का थेटर?" आणि त्याच दमात आईला सांगायचे, "चहा टाक." सिनेमा संपल्यावर कोणाची तरी चप्पल हमखास बदललेली असायची आणि तिच्यावरून पुढचे दोन दिवस भांडण पुरायचं. पुढे घरोघरी टीव्ही आले आणि आमच्या दारातला ढीग संपला. त्यावरून मी एकच धडा घेतला, की वस्तू अशी आणावी जी दुसऱ्या कोणाकडे नाही.

समोरच्या वहिनींकडे कॉम्प्युटर होता, पण तो असेंबल केलेला. स्टेशनजवळ गाळा असलेले एक गुजराती गृहस्थ होते, सगळे त्यांना भाई म्हणायचे. ते लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडून द्यायचे. मलाही त्यांनी सांगितलं, "मॅडम, वही चीज आधे में बना के देता हूँ." पण तसा तर वहिनींकडे होताच. मी अंधेरीला शोरूममध्ये गेले. तिथे एक पांढराशुभ्र कॉम्प्युटर होता. खाली डबा नाही, मागे वायरींचा गुंता नाही, सगळं त्या पडद्याच्याच पोटात. मी पुन्हा पुन्हा किमतीची चिठ्ठी वाचतेय हे पाहून विकणारा म्हणाला, "मॅडम, सस्ता रोए बार-बार, महँगा रोए एक बार." मला ते पटलं. तेव्हा मला रडणं टाळायचं होतं.

कॉम्प्युटर खंडेनवमीच्या आधी घरी आला. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात. मला वाटलं, मुहूर्त चांगला आहे. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, पेढे आणले आणि मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावलं. सगळे आले. बाहेर चपलांचा ढीग झाला. मी दोनदा उगाचच दारात जाऊन तो बघून आले.

पण आत काय झालं, तर लोक रांगेने पुढे आले, कॉम्प्युटरला नमस्कार केला, किंमत विचारली, पेढा घेतला आणि मागे सरकले. मुलांचे हात आयांनी धरून ठेवले होते. "लांबून बघ. महागाचा आहे तो. काही झालं तर आपल्याला भरून देता येणार नाही." मी म्हणत होते, अहो लावू दे हात. कोण ऐकतंय! देव मीच मांडला होता. ज्याला नमस्कार केला त्याच्यावर कोण बोट ठेवणार?

त्यानंतर कोणी आलं नाही. टीव्हीसमोर पन्नास माणसं बसतात, कॉम्प्युटरसमोर खुर्ची एकच असते, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात तेव्हा शिरली. त्या खुर्चीत बसून मी पत्ते खेळायला शिकले. एकट्याने खेळायचा डाव होता. जिंकलं की पडद्यावरचे पत्ते आपणच उड्या मारायचे. चला, कोणाला तरी आनंद झाला म्हणायचा.

मशीन मात्र खरंच उत्तम होतं, हे कबूल केलंच पाहिजे. आवाज नाही, अडकणं नाही. बटण दाबलं की एकदा गोड टण्ण वाजायचं आणि पडदा उजळायचा. समोर वहिनींकडे मात्र रोज रामायण. कधी पडदा निळा पडायचा, कधी माऊस हलायचा नाही, कधी आतला पंखा घरघरायचा. मग भाईंना फोन. भाई येऊन डब्याचं झाकण काढून बसले की निम्मा मजला गोळा व्हायचा. "बंद करून परत चालू करा." "तिकडून फुंकर मारा." "माझ्या भाच्याकडे असंच झालं होतं." चहा व्हायचा, हसणं व्हायचं, आणि त्यांच्या दारात चपला साठायच्या. मी दाराच्या काचेतून बघायचे. स्वस्त कॉम्प्युटर वारंवार रडायचा आणि माणसं त्याला गप्प करायला जायची. माझा शहाण्या बाळासारखा गप्पच होता, त्याला कोण घेणार?

मला त्या घराचा हेवा वाटायचा.

एका सकाळी मी भाईंना फोन केला आणि म्हटलं, कॉम्प्युटर चालू होत नाही. ते संध्याकाळी आले. एकटी बाई, घरात परका माणूस, म्हणून मी दार उघडं ठेवलं. भाईंनी बूट बाहेर काढले, आत येऊन बटण दाबलं. टण्ण. पडदा उजळला.

"चालू तो है, मॅडम."

"कभी कभी नहीं होता," मी म्हटलं.

त्यांनी तो फिरवून पाहिला, आडवा केला, स्क्रू शोधला. स्क्रू कुठेच नव्हता. शेवटी बंद करून रुमालाने हात पुसत म्हणाले, "कुछ खराबी नहीं है. बढ़िया चीज है, पैसा वसूल. दस साल आपको किसी को बुलाना नहीं पड़ेगा."

त्यांनी ते कौतुकाने सांगितलं. मला मात्र कोणी शिक्षा वाचून दाखवल्यासारखं झालं. मी चहा टाकायला म्हणून आत गेले आणि ओट्याशी उभी राहिले. डोळे पुसायला पदर घेतला तेवढ्यात बाहेरून वहिनींचा आवाज आला. त्यांनी दारातले भाईंचे बूट ओळखले होते.

"ताई! तुमचापण बिघडला काय?"

त्या आवाजात काळजी होती की आनंद, सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही. मी बाहेर आले. भाई माझ्याकडे बघत होते. माझे डोळे त्यांना दिसले असणार.

"हो," मी म्हटलं.

भाई भिंतीतला प्लग काढून वायर गुंडाळत शांतपणे म्हणाले, "पार्ट बाहर से आएगा. टाइम लगेगा."

वहिनींनी पॅसेजमध्ये जाऊन हाक दिली, "अहो, ताईंचा महागाचा पण बंद पडला!" आणि सगळे आले. यजमान आले, "तरी मी म्हणत होतो," असं म्हणत, इतके खुशीत की त्यांना तसं मी पुन्हा पाहिलं नाही. टोकाच्या घरातल्या आजी म्हणाल्या, नजर लागली, मिरच्या ओवाळून टाक. मुलांना कोणी अडवलं नाही. बंद पडलेल्याला काय होणार? त्याच्या पांढऱ्या अंगावर पहिल्यांदा बोटांचे ठसे उमटले. कोणीतरी माझ्या पलंगावर बसलं, कोणी ओट्याशी जाऊन आपणच कप विसळले. साखर कमी पडली तेव्हा ती समोरून आली. चपलांचा ढीग पार जिन्यापर्यंत गेला. मी बारक्या आवाजात चार वेळा सांगितलं की महाग घेऊन फसले मी, आणि दर वेळी सगळे मला समजावत होते. इतकी माणसं मला समजावतायत, हे सुख मला आई गेल्यापासून मिळालं नव्हतं.

त्या दिवसापासून मी कॉम्प्युटर चालू केला नाही. जिन्यात, पाण्याच्या टँकरपाशी, कुठेही लोक विचारायचे, "आला का पार्ट?" मी म्हणायचे, "नाही ना. परदेशातून यायचाय." विचारता विचारता दोन गोष्टी जास्त बोलल्या जायच्या. दुपारी बायका येऊन बसायच्या. पण बिघाडालाही नव्याचे नऊ दिवसच असतात. हळूहळू विचारणं कमी झालं आणि येणंही. वहिनी तेवढ्या येत राहिल्या, कधी वाटी परत द्यायला, कधी नुसत्याच. त्यांचं येणंही असंच थांबेल, या धास्तीने मी पार्टच्या नवनव्या बातम्या तयार ठेवायचे.

एका दुपारी मी त्यांच्यासाठी सरबत करत होते. भाईंनी काढलेला प्लग मी पुसापुशी करताना कधीतरी परत खोचला असावा. वहिनी सवयीने कॉम्प्युटरपाशी उभ्या राहिल्या आणि बटण दाबत म्हणाल्या, "बघू तरी हो, काय म्हणतोय."

टण्ण.

मी ग्लास हातात घेऊन दारातच उभी राहिले. पडदा उजळला, एवढा स्वच्छ की वहिनींचा चेहरा त्या उजेडात दिसत होता. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आता या हसतील, आणि उद्या हे अख्ख्या बिल्डिंगीत होईल, असं मला वाटलं. त्याहून वाईट म्हणजे आता यांना यायला काही कारण उरलं नाही.

वहिनींनी पुन्हा त्याच बटणावर बोट ठेवलं आणि दाबून धरलं. घरचा रोज अडकायचा, त्यामुळे बटण दाबून धरलं की तो बंद होतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. पडदा काळा झाला.

"नाही हो ताई," त्या म्हणाल्या, "नीट नाही झालेला अजून. उद्या येते परत बघायला."

मी सरबताचा ग्लास त्यांच्या हातात दिला.