तांदळावरचं नाव

अमरावतीहून एसटीनं निघालो तेव्हा मांडीवर जुन्या नकाशाची प्रत होती. त्याच तंद्रीत मी कंडक्टरला म्हणालो, "एक एलिचपूर." तो म्हणाला, "इंग्रज गेले, साहेब. आता अचलपूर म्हना!" अर्धी गाडी हसली.

शेजारची म्हातारी हसली नाही. पदरानं बोट पुसून तिनं ते नकाशावर ठेवलं. "गावाचं नाव काहून बदललं?"

मी ऐटीत सांगितलं, "राज्य बदललं की नाव बदलतं, आजी."

"माह्यंबी बदललं," ती म्हणाली. "लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर नवं लिवलं. जुन्या नावानं आता एकटा भाऊच हाक मारते. तो दवाखान्यात हाय. त्याची वाचा जायच्या आत पोचली पाह्यजे."

मग ती प्रत्येक थांब्याला अर्धी उठायची आणि पुन्हा बसायची. तिचं जुनं नाव विचारायचा मला धीर झाला नाही. ते भावाच्या तोंडूनच येऊ दे, असं वाटलं.

घरी आल्यावर बायकोला हे सगळं सांगितलं. आमच्या लग्नात तांदळावर मीही मोठ्या झोकात अक्षरं काढली होती. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"मले एकदा माह्या माहेरच्या नावानं हाक मारा बरं," ती म्हणाली.